सातव्या प्रश्नाचं उत्तर

९ जानेवारी २०२५, गुरुवार

वर्तमानपत्रातली नोकरी गेली त्याला दीड वर्ष झालं आणि आमदारांच्या कार्यालयातली लागली त्याला चार महिने. तिथे मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायचो, इथे दुसऱ्यांची वाक्यं मीच लिहितो. हर्षाली म्हणते, फरक एवढाच की आता चहा बरा मिळतो. तिची जीभ शाळेतल्या पोरांवर रोज परजली जाते, त्यामुळे बायकोशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे.

आज आमदार उज्ज्वलाताईंनी पुस्तिकेचं काम दिलं. चांदवडच्या अंगाला जो जुना मातीचा कालवा आहे, तो बुजवून त्याच वाटेनं मोठा पाइप टाकायचा, अशी सरकारची योजना आहे. उघड्या कालव्यातलं निम्मं पाणी वाटेत मुरतं नाहीतर उन्हात उडतं. पाइप टाकला की तेच पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या, म्हणजे टोकाच्या, अकरा गावांना पोचेल. तिथे कालवा फक्त नकाशात आहे आणि पाणी फक्त भाषणात. योजना चांगली आहे. हे मी पगारासाठी लिहीत नाही, ही वही कोण वाचणार आहे.

पुस्तिकेत लोकांच्या मनातले चोवीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं द्यायची आहेत. उत्तरं पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांनी फोनवर सांगितली. सातवा प्रश्न असा: उघडा कालवा बंद झाल्यावर काठच्या विहिरींचं पाणी कमी होईल का? उत्तर: अजिबात नाही. मी विचारलं, हे कशावरून? साहेब म्हणाले, "अहो, आधी मंजुरी तर होऊ द्या."

मी 'अजिबात नाही' खोडून 'कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही' असं केलं. भाषा जरा भारदस्त झाली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीला बोरदऱ्याला चतुराआत्याकडे गेलो. वडिलांची ही मोठी बहीण. पाचवी ते दहावी मी तिच्याच घरी राहून शिकलो, कारण आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्यापासून ती एकटीच अडीच एकर, दोन म्हशी आणि एक विहीर सांभाळते. विहीर कालव्यापासून चाळीस पावलांवर आहे.

सहज म्हणून तिला सातवा प्रश्न विचारला. ती मला विहिरीवर घेऊन गेली. आतल्या दगडी पायऱ्या दाखवून म्हणाली, "कालव्याला पानी सुटलं का चौथ्या दिवशी या चार पायऱ्या बुडत्या. कालवा बंद झाला का वीस दिसांत उघड्या पडत्या. ह्यांनी विहीर खांदली तव्हापासून बघती मी."

मी तिला समजावून सांगितलं, आत्या, हा झाला अनुभव, पुरावा ही वेगळी गोष्ट असते. ती "बरं" म्हणाली आणि तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिली जाहीर सभा, आणि तोंडावर आपटलो. ताई पुस्तिकेप्रमाणे बोलल्या. विहिरींना धक्का लागणार नाही, शंभर टक्के खात्री देते, वगैरे. बोरदऱ्याचा सोमनाथ उभा राहिला. कांदा करतो, कालव्याच्या पाणीवापर संस्थेचा सचिव आहे, आवाज चढवत नाही.

"ताई, शंभर टक्के म्हननारा मागं एक आला व्हता आमच्याकडं. पायाळू व्हता. हातात नारळ घेऊन शेतातून फिरला आन म्हनला, हितं दोनशे फुटांवर पानी, शंभर टक्के. त्या बोअरमधून आजून धुराळा निघतो."

लोक हसले. मग एकेक जण पँट झटकत उठू लागला. आमच्याकडे लोक पटलं नाही तर ओरडत नाहीत, म्हशींच्या धारेची वेळ झाली म्हणून उठतात. दुपारी तीन वाजता कसली धार? दहा मिनिटांत मांडवात आमचेच कार्यकर्ते उरले होते.

२३ जानेवारी, गुरुवार

आज नाशिकहून चांदवडला जाताना ताईंनी गाडीत विचारलं, "काय चुकलं?"

गेले पंधरा दिवस पोटात ठेवलेलं बोललो. म्हटलं, ताई, विहिरींचं काय होणार ते आपल्याला माहीत नाही. खात्यालाही नाही. मग तेच सांगू या.

"आमदारानं माहीत नाही म्हणायचं? लोक म्हणतील, मग निवडून कशाला दिलं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, अमोल."

मी म्हटलं, मूठ परवाच उघडली आणि ती रिकामी आहे हे सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही नुसतं माहीत नाही म्हणू नका. म्हणा, माहीत नाही, पण मी मोजून घेईन. विहिरी आटणार असं निघालं तर मी स्वतः काम थांबवीन.

ओझरच्या पुलापाशी ताईंनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाल्या, "लिहून द्या."

निसारभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते बारा वर्षं ताईंची गाडी चालवतात. चांदवडला ताई उतरल्यावर मला म्हणाले, "अमोलभाऊ, चांगली सवय लावताय मॅडमला. पण सवय कोणती पण असो, एकदा लागली की माणूस ती कुठे पण वापरतो." मला त्यांचं म्हणणं नीट समजलं नाही. त्यांना तत्त्वज्ञान सांगायची खोड आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कधी विसरणार नाही.

बोरदऱ्याला मारुतीच्या पारासमोर सभा होती. ताईंनी पुस्तिका हातात घेतली, सातव्या प्रश्नाचं पान काढलं. चष्मा उतरवला. म्हणाल्या, "इथे उत्तर छापलंय की विहिरींना काही होणार नाही. हे उत्तर खरं नाही. खरं उत्तर असं की मला माहीत नाही." आणि ते पान टराटरा फाडलं. फाडणं माझ्या मसुद्यात नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं.

पारामागची शेळी चघळताना ऐकू येत होती. मग सोमनाथ उठला. "मंग माहीत कोनाला हाय?"

ताईंनी भूजल सर्वेक्षण खात्यातल्या आफिया मॅडमना पुढे बोलावलं. सडपातळ, तिशीच्या, पायात चिखलाचे बूट. त्यांनी सांगितलं, तीन गावांतल्या एकाहत्तर विहिरी त्या मोजणार. कालव्याला पाणी सुटायच्या आधी आणि नंतर, अशी दोन आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्या. उन्हाळ्यात अहवाल येईल. ताई म्हणाल्या, विहिरी आटणार असं निघालं तर पाइप पडणार नाही, हा माझा शब्द.

कोणी धारेला उठलं नाही. सभा संपल्यावर आत्यानं ताईंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "लय आमदार पाह्यले. मान खाली घालून बोलनारी तूच पहिली." ताईंचे डोळे भरले. ते नाटक नव्हतं, मी दोन हात अंतरावर उभा होतो.

परतताना माझेही भरले. इतकी वर्षं वाक्यं लिहितोय, त्यातलं एक तरी कुणाच्या उपयोगी पडलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पान फाडतानाची चित्रफीत नऊ लाख लोकांनी पाहिली. आता प्रत्येक गावात लोक त्या वाक्याची वाटच पाहतात. ताई चष्मा काढतात, खाली बघतात आणि 'मला माहीत नाही' म्हणतात. मसुद्यात त्या जागी मी आता 'थांबणे' असं लिहून देतो.

आज एका गावात रस्त्याचा प्रश्न आला. तो रस्ता यंदाच्या यादीत नाही. यादी डिसेंबरपासून माझ्याच टेबलावर आहे, ताईंनी ती वाचून सही केली आहे. ताईंनी चष्मा काढला. "खरं सांगू? रस्ता कधी होईल, मला माहीत नाही." टाळ्या पडल्या. रस्ता मिळाला असता तरी इतक्या पडल्या नसत्या.

गाडीत मी यादीचा विषय काढला. ताई हसल्या. "तुम्हीच शिकवलंत." मग मीही हसलो. बाई दमलेल्या असतात, दिवसाला चार सभा. यादी लक्षात राहिली नसेल.

६ मार्च, गुरुवार

आफिया मॅडमबरोबर दिवसभर विहिरी फिरलो, फोटो हवे होते म्हणून. टेपला खडू फासून ती विहिरीत सोडायची, खडू कुठवर भिजला ते वाचायचं, तारीख घालून लिहायचं. बस्स. उन्हात अकरा विहिरी झाल्या. आत्यानं चहा आणला तेव्हा कळलं की बाईंचा रोजा आहे. आत्यानं कप परत नेला आणि संध्याकाळसाठी दशम्या बांधून दिल्या.

मग तिनं मॅडमना तेच पायऱ्यांचं पुराण सांगितलं. मला वाटलं आता त्या कंटाळणार. त्या कठड्यावर बसल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "आत्या, सावकाश सांगा. चार पायऱ्या म्हणजे कुठून कुठपर्यंत?" आणि टेपनं पायऱ्या मोजल्या. पाऊण तास तेच चाललं होतं. मी सावलीत उभा राहून ओशाळलो.

१७ एप्रिल, गुरुवार

कार्यालयात भूजलाकडून जाड तपकिरी पाकीट आलं. ताईंनी ते गाडीत उघडलं, ओझरपासून चांदवडपर्यंत वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मी विचारलं, विहिरींचं का? म्हणाल्या, "कच्चं आहे. अंतिम नाही अजून."

सभेत कुणीतरी विचारलंच, मोजणीचं काय झालं? ताईंनी चष्मा काढला. अजून सांगता येत नाही म्हणाल्या. दुसरा कुणी असता तर कच्च्या आकड्यावर टाळ्या घेऊन मोकळा झाला असता. अर्धवट माहितीवर बोलायचं नाही, हे त्यांनी किती मनावर घेतलं आहे. ताई घरी उतरल्यावर मी हे निसारभाईंना म्हटलं. त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

२१ एप्रिल, सोमवार

आफिया मॅडमचा सकाळी फोन आला. अहवाल आवडला का, असं विचारत होत्या. म्हटलं, अंतिम आल्यावर वाचू. त्यांनी मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "अंतिमच आहे तो. सही-शिक्क्याचा. कालवा बुजवला की एकाहत्तरपैकी अठ्ठावन्न विहिरी पुढच्या मार्चपर्यंत कोरड्या पडतील, पाऊस कितीही होवो. खाली कातळ आहे, पाणी धरून ठेवायला जागाच नाही. सगळं पाणी कालव्याचं. इतका स्वच्छ आकडा मला आजवर मिळाला नव्हता." आणि मग, "ताईंनी तुम्हाला सांगितलं नाही?"

सांगितलं ना, मी म्हटलं. हे खोटं मी का बोललो ते मला आता आठवत नाही. मग विचारलं, चतुराबाईंची विहीर?

"पहिल्या दहात."

सरळ ताईंच्या घरी गेलो. त्या जेवत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी ताट बाजूला सारलं नाही. "बसा. कळलं वाटतं. तीन गावांच्या अठ्ठावन्न विहिरी आणि शेपटाची अकरा गावं. अमोल, तुम्ही माझ्या जागी कुणाला पाणी द्याल?"

म्हटलं, अकरा गावांना. पण हेच सभेत सांगा ना. विहिरी आटतील, त्या बदल्यात काय देणार तेही सांगा.

"सांगितलं तर तीन गावं संमतीचा ठराव करणार नाहीत. ठराव नाही तर योजना दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. मग अकराही नाहीत आणि तीनही नाहीत." भात कालवत त्या शांतपणे बोलत होत्या. "आणि अहवाल म्हणजे काय, अंदाजच. अठ्ठावन्न की पन्नास, कुणी पाहिलंय? मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. उलट ठरावात स्पष्ट लिहा की परिणाम अनिश्चित आहेत आणि गावाला त्याची कल्पना दिली आहे. कुणी लिहितं का इतकं?"

कुणी लिहीत नाही, हे खरं. घरी येऊन लिहिलं: 'विहिरींवरील परिणामांबाबत आज निश्चित काही सांगता येत नाही, याची पूर्ण कल्पना ग्रामस्थांना देण्यात आली असून ती समजून घेऊनच ग्रामसभा संमती देत आहे.' वाक्य पहिल्या झटक्यात जमलं. हर्षालीनं काय लिहितोस विचारलं नाही, ते बरं झालं.

२७ एप्रिल, रविवार

आत्याला सांगायचंच, असं ठरवून फोन लावला. आधी म्हशीचं झालं, मग पारड्याचं झालं. तिचं बोलणं एकदा सुरू झालं की मध्ये फट सापडत नाही. शेवटी तिनंच विचारलं, "अमोल, ठरावाला हात वर करू ना?"

मी म्हटलं, तुझ्या मनाला येईल तसं कर.

"तू म्हंतो तर करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी तसं काही म्हटलं नव्हतं. परत लावणार होतो, पण तेवढ्यात कार्यालयातून फोन आला.

१ मे, गुरुवार

बोरदऱ्याची ग्रामसभा. सोमनाथ म्हणाला, "मोजनीचा अहवाल हातात येऊ द्या, मंग ठराव. आमाला काय घाई?" सरळ साधं बोलला. चार-दोन माना हलल्या. ताई उठल्या, चष्मा काढला. म्हणाल्या, "सोमनाथभाऊ, मी थांबले असते. वरून मुदत आजची आहे. विहिरींचं काय होईल? मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी ठरावातच लिहून ठेवलंय."

पाकीट त्यांच्या पर्समध्ये होतं की घरी, ते सांगता येणार नाही.

आत्या उभी राहिली. मला वाटलं पायऱ्यांचं सांगेल. मनातून मी देवाला म्हणत होतो की सांगू दे. ती म्हणाली, "जी बाई माहीत नाय म्हंती ती फसवायची नाय. फसवनाऱ्याला समदं ठाऊक आसतं." पारावर हशा पिकला, टाळ्या पडल्या. एकशे बारा हात वर, नऊ विरोधात. सोमनाथ त्या नऊ जणांत.

माझं वाक्य ग्रामसेवकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. एवढं लांबलचक, की ते वाचताना त्यांना मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. कुणी काही विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा महिन्यांनी वही उघडतोय. लिहावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

यंदा पावसानं मे महिन्यातच जो ठिय्या दिला तो दिवाळीपर्यंत. आत्याचं कांद्याचं रोप वाफ्यातच सडलं, द्राक्षवाल्यांचे तर हालच. बोरदऱ्यात काम सुरू झालं आहे. यंत्रानं कालवा बुजवतात, त्यात पाइप. आत्या म्हणते, पोरं दिवसभर पाइपात शिरून एकमेकांना हाका मारतात.

काल पुण्याला नव्या लोकप्रतिनिधींच्या शिबिरात ताईंचं व्याख्यान झालं: 'प्रामाणिकपणाचं राजकारण'. पडद्यावरची चित्रं मी केली होती, शेवटचं फाटलेल्या पानाचं. एका तरुण नगरसेवकानं विचारलं की लोकांना नक्की काय सांगायचं आणि काय नाही, हे कसं ठरवायचं. ताई म्हणाल्या, लोकांना उत्तर नको असतं, सोबत हवी असते. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीच लिहिलेलं आहे ते, आणि आज पेपरात छापलेलं वाचताना मला त्याचा वीट आला.

११ मार्च २०२६, बुधवार

दोन तारखेला पाइपातून पाणी सुटलं. शेपटाच्या गावात गुलाल उधळला, ताई लेझीम खेळल्या. एक म्हातारा तोटीखाली ओंजळ धरून नुसता उभा होता, पाणी पीत नव्हता, तोंड धूत नव्हता. ते पाणी खरं आहे. हे मी स्वतःला रोज सांगतो.

आज आत्याचा फोन आला. "अमोल, पानी सुटून नववा दिवस. पायऱ्या समद्या उघड्या पडल्या. खाली गाळ दिसतो. ह्यांच्या वेळंला एक घागर पडली व्हती, ती बी दिसती." तक्रारीचा सूर नव्हता. एक म्हैस काढून टाकली म्हणाली, दुसरीला पुरेल एवढं पाणी सोमनाथ बैलगाडीतून आणतो. मग विचारलं, "आता मोजायला येतीन ना त्या मॅडम?"

येतील म्हटलं. आफिया मॅडमची जानेवारीत गडचिरोलीला बदली झाली.

३० मार्च, सोमवार

बोरदरा आणि शेजारची दोन गावं, चाळीसेक माणसं कार्यालयात आली. सोमनाथ पुढे. अठ्ठावन्न नाही, साठ विहिरी आटल्या. आफिया मॅडमचा आकडा दोननं चुकला. त्यांची मागणी एकच: विहिरी योजनेमुळे आटल्या हे मान्य करा आणि भरपाई द्या.

ताईंनी ठरावाची प्रत मागवली आणि माझं वाक्य वाचून दाखवलं, अगदी सावकाश, एकेक शब्द. "मी काही लपवलं होतं का, सोमनाथभाऊ? पारावर उभं राहून सांगितलं होतं." सोमनाथ कागदाकडे बघत राहिला. "नाय. आमीच हात वर केले," तो म्हणाला. त्यानं तर केलाही नव्हता. गावासाठी तो 'आमी' म्हणाला.

मग ताई एकदम मायाळू झाल्या. भरपाईचं बघू, आधी प्यायच्या पाण्याचं बघू, टँकर लगेच सुरू करते. लोकांनी हात जोडले.

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "प्रत्येक घराकडून टँकरचा अर्ज घ्या. नमुना छापून न्या, लोकांना लिहायला सांगू नका. कारण छापूनच टाका: अपुऱ्या पावसामुळे विहीर आटली."

"ताई, यंदा पाऊस..."

"पाणीटंचाईच्या नियमात बसवलं तर तीन दिवसांत टँकर. कालव्यामुळे म्हटलं तर चौकशी, समिती, पावसाळा उजाडेल. त्यांना पाणी हवंय की वाद?"

तीन दिवसांत टँकर येतो, हे खरं आहे. आणि विहीर पावसाअभावी आटली असं एकदा सही करून दिलं की भरपाई कायमची गेली, हेही खरं आहे. मला हे कळत नाही असं नाही. एकशे साठ प्रती छापायला टाकल्या.

५ एप्रिल, रविवार

सकाळी दहाला मारुतीच्या पारावर अर्जांचा गठ्ठा घेऊन बसलो. ऊन आत्ताच भाजतं आहे. बाया हंडे घेऊनच आल्या होत्या, जणू टँकर माझ्या पिशवीत आहे.

सोमनाथनं पहिला अर्ज उचलला, वाचला, परत वाचला. "पाऊस कुठं कमी झाला? माझा कांदा वाफ्यात सडला पावसानं." मग गावाकडे वळून म्हणाला, "ही सही केली का उद्या म्हंतीन, विहीर देवानं आटवली. भरपाईचं नाव काढायचं नाय." आणि माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "अमोल, हे लिहिलं कोनी? तुला ठाऊक व्हतं का रं, विहिरी जानार म्हनून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं होतं. आई-शपथ, उघडलं होतं. काय बोलणार होतो ते आता कितीही आठवलं तरी खरं मानता येणार नाही.

आत्या मध्ये आली. "सोमनाथ, त्याच्याकडं बोट करू नको. पाचवीपासून माझ्या चुलीवरचं खाल्लेला पोर हाय. त्याला ठाऊक आसतं तर त्यानं मला सांगितलं नसतं?"

हा प्रश्न तिनं सोमनाथला विचारला होता, मला नाही. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही, इतकी तिची खात्री होती. सोमनाथ खाली बघून म्हणाला, "तसं नाय, आत्या." त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. पारावर कुणीच काही बोललं नाही, आणि त्या 'कुणीच'मध्ये मीही होतो.

"आन पेन," आत्या म्हणाली. तिचा चष्मा घरी राहिला होता. मी बोटानं जागा दाखवली, तिनं एकेक अक्षर काढत सही केली. तिच्यामागे रांग लागली. सोमनाथनं सगळ्यात शेवटी केली. त्याच्या घरात दोन लहान पोरं आहेत.

एकशे बेचाळीस अर्ज झाले. गठ्ठा बांधून निघणार होतो, तर आत्यानं हाताला धरून घरी नेलं. पिठलं-भाकरी केली होती. माठ उपडा ठेवलेला होता. तांब्यात होतं नव्हतं ते पाणी तिनं माझ्या पेल्यात ओतलं आणि समोर बसून राहिली. म्हटलं, तुला? म्हणाली, मला तहान नाय, परवा टँकर येतोच हाय ना.

मी ते पाणी प्यायलो.